सहाशे मैल आणि तांब्याभर पाणी

परत आल्यापासून वाशीमात जो भेटतो तो मला दोनच गोष्टी विचारतो. किती लांब आणि किती वेळ? पोस्टाच्या ओट्यावर विचारतात, कोर्टाच्या आवारात विचारतात, एकदा तर न्हाव्यानं माझ्या गालावर वस्तरा टेकवून विचारलं. उत्तर एका दमात देता येतं. कलकत्त्याच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत हवेतून सुमारे सहाशे मैल, आणि वेळ चार तास. एवढं ऐकलं की माणसं तोंडात बोट घालतात आणि आपापल्या कामाला निघून जातात. मी खरं काय पाहिलं ते सांगायचं राहूनच जातं. म्हणून हे लिहायला बसलो.

मी भुसार आणि सरकीचा व्यापारी. वऱ्हाडाबाहेर माझं जाणं म्हणजे एखादं लग्न किंवा एखादा दावा. या खेपेला मात्र आईला शिखरजीची यात्रा घडवायची म्हणून निघालो होतो. आईला घरात आम्ही सगळे बाई म्हणतो. वय सत्तरीला टेकलेलं, अंगानं काडी, पण एकदा नाही म्हणाली की तिथून हलवायला बैलजोडी लागेल. वडील गेल्यापासून ती एकाशन करते. दिवसातून एकदाच, एका जागी मांडी घालून बसायचं, अन्न आणि पाणी तेव्हाच घ्यायचं आणि उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत थेंबसुद्धा नाही. सूर्य मावळल्यावर तर नाहीच नाही. चालत्या वाहनातही नाही, कारण बसायची जागा हलली की आसन मोडलं. आम्ही जैन, हे नियम आमच्या घरात नवे नाहीत. मी स्वतः रात्री जेवत नाही, पण पाणी पितो, आणि ते बाईला ठाऊक आहे.

शिखरजीचा डोंगर तिनं पायी केला. तीन कोस चढ, तीन कोस वर टोकाटोकांवरची दर्शनं आणि तीन कोस उतार. डोलीवाले मागंमागं येत होते, ती त्यांच्याकडं पाहीना. मी दोनदा दगडावर बसलो, तेव्हा तिनं मलाच विचारलं, "नेमा, तुयासाठी डोली करू का रे?" डोलीवाले हसले. मला राग आला, पण बोलायला छातीत श्वास नव्हता.

कलकत्ता

तिथून कलकत्त्याला माझा चुलतभाऊ गुलाबसा याच्याकडं उतरलो. तो तिथं बारदानाचा धंदा करतो. आपल्या बाजारात तूर आणि ज्वारी ज्या तागाच्या पोत्यांत भरतात ती याच्याकडून येतात. इतकी वर्षं बंगालात राहून त्याच्या बोलण्यातलं वऱ्हाड काही गेलं नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या दुकानातलं घड्याळ पाहून मी माझं खिशातलं घड्याळ जुळवून घेतलं, कारण माझं बरंच मागं पडलेलं दिसलं. घड्याळ जुनं आहे, असं होतं कधीकधी.

शहर मोठं आहे, वर्णन पुष्कळांनी केलं असेल. मला आठवतो तो मोहरीच्या तेलाचा वास. सकाळी सात वाजता सगळी गल्ली त्या तेलात तळली जाते. गुलाबसाच्या घरी मात्र ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि लसूण न घातलेली मिरचीची भाजी. ज्वारी तो खास आपल्याकडून मागवतो. बाईला नळाचं पाणी चालेना. नळाच्या आत चामड्याची चकती असते असं तिला कोणी सांगितलं होतं. मग जवळच्या धर्मशाळेतल्या विहिरीचं पाणी आणायचं, दुपदरी कापडातून गाळायचं आणि कापडावर राहिलेले जीव थोड्या पाण्यानं परत त्याच विहिरीत सोडायचे. आपल्याकडं हे काम पाच मिनिटांचं आहे. तिथं मला रोज दोन गल्ल्या आणि एक ट्रामचा रस्ता ओलांडावा लागे, आणि परतीच्या फेरीत हातातल्या ओल्या फडक्याकडं लोक वळूनवळून पाहत.

डोंगरानं बाईचे पाय सुजले. गुलाबसानं एक बंगाली डॉक्टर आणला. त्यांनी घोटा दाबून पाहिला, जीभ पाहिली आणि विचारलं की पाणी किती पिता? मी एकाशनाचं सांगितलं. चतुर्दशीला निर्जळ उपास असतो हेही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. एक दिवस निभेल, म्हणाले, पण या वयात आणि या उन्हाळ्यात सलग दोन दिवस कोरडे गेले, तर मग मला बोलावू नका, मी काही करू शकणार नाही. गुलाबसानं त्यांचं बंगाली मला उलगडून सांगितलं, बाईला ते कळत नव्हतं. मी तिला अर्धंच सांगितलं.

"पाय लोंबकळत ठेवून दोन दिवस गाडीत कशी बसंन बाई?" गुलाबसा म्हणाला. "नेमा, विमानानं ने. चार घंट्यात नागपूर."

लढाई नुकतीच संपली होती. लढाईतली विमानं आता उतारू नेऊ लागली होती. खरं सांगतो, मला विमानात बसायचं होतं. बाईचे पाय हे निमित्त होतं, आणि ते निमित्त मी दोन्ही हातांनी धरलं.

बाईनं एकच प्रश्न विचारला. "रस्त्यात विहिरी किती?"

हा तिचा जुना हिशेब आहे. तिचं माहेर इंझोरी. लहानपणापासून ती बैलांच्या दमणीनं आली-गेली, आणि अंतर तिनं कधी मैलांत मोजलं नाही. कुठल्या विहिरीवर बैल सोडायचे, कुठलं पाणी गोडं, कुठल्या विहिरीला पायऱ्या आहेत, यावरून तिला गाव जवळ की लांब ते कळतं.

"एक बी नाई," गुलाबसा म्हणाला. "अधरच जाते ते."

मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. पण बाई म्हणाली, "आपल्या शिरपूरचा देव अधरच बसला हाये. त्याले काय झालं?" शिरपूरची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी आमची श्रद्धा.

विमानतळ

पौर्णिमेचा दिवस ठरला. आदल्या दिवशी चतुर्दशीचा उपास बाईनं सोडला नाही, मी पुष्कळ आदळआपट केली तरी. म्हणजे तिच्या पोटात त्रयोदशीच्या दुपारपासून काही नव्हतं. विमान बाराला सुटणार होतं. सकाळी निघण्यापूर्वी तिनं जेवून घ्यायचं म्हटलं तर गुलाबसाची बायको म्हणाली की विमानात माणसं फार ओकतात. बाईनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, शहाणा माणूस, म्हणालो, "चार वाजता नागपुरात पोचतो. तिथं सावकाश बस. रिकाम्या पोटीच बरं." नागपूरला आमच्या मावसभावाकडं स्वयंपाक तयार राहणारच होता. वाटेत अडलंच तर म्हणून पाणी उकळून फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात भरून घेतलं. उकळलेलं पाणी आमच्यात दिवसभर चालतं.

विमानतळावर पहिल्यांदा आमचं वजन केलं. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या मालाला काट्यावर चढवलं, त्या दिवशी मी स्वतः चढलो. बाई तांब्यासकट चढली. तांब्या खाली ठेवा म्हणून काट्यावरच्या माणसानं खूण केली, तिनं तो छातीशी धरला. त्यानं तांब्यासकट वजन लिहून घेतलं.

बारा वाजले, विमान उभंच होतं. एका इंजिनाचं काही काम निघालं होतं, दोन कामगार शिडीवर चढून त्याच्या पोटात हात घालत होते. मी विचारायला गेलो. दहा मिनिटं, असं उत्तर मिळालं. एक वाजता पुन्हा गेलो. दहा मिनिटं. दीडला मी जरा आवाज चढवला, तेव्हाही दहाच मिनिटं. दोन वाजून गेल्यावर मी बाईला म्हटलं, आता हे काही खरं नाही, तू इथंच बसून पाणी तरी घे. पाणी घेतलं की तिचं त्या दिवसाचं एकाशन तेवढ्यावरच संपणार होतं, नागपूरचं जेवण जाणार होतं. तरी ती तयार झाली, यावरूनच तिची काय गत झाली होती ते कळावं. तिनं भिंतीकडेला चटई टाकली, मांडी घातली, डोळे मिटून नवकार म्हटला. मी तांब्याची फिरकी उघडली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. चला, चला म्हणून माणसं धावली. मी घाबरलो. विमान सोडून गेलं तर, या एकाच विचारानं मी तिच्या दंडाला धरलं आणि उठवलं. "ऊठ बाई, ऊठ, नागपुरात पिजो!" तांब्याची फिरकी मीच लावली. त्यानंतर विमान आणखी पाऊण तास हललं नाही, पण आम्ही आत बसलेले होतो आणि दार लागलेलं होतं. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ घाईची कामं झाली आहेत. हे त्यांतलं सगळ्यांत वाईट.

आकाशात

माझ्या घड्याळात बरोबर तीन वाजता आम्ही जमीन सोडली.

त्या क्षणाचं मी काय सांगू? विमान धावत होतं तोवर ते मोटारीसारखंच होतं, फक्त खडखड जास्त. आणि मग खडखड एकदम थांबली. मी काचेतून पाहिलं तर एक झाड माझ्या खाली होतं. झाडाचा शेंडा वरून कसा दिसतो हे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मग घरं, मग तळी, नारळीची बनं, आणि एका नदीवरच्या होड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते माहीत नाही. लाज वाटून मी रुमाल काढला, तर पलीकडच्या बाकावरचा एक गोरा साहेब, तोही नाक शिंकरत होता.

कानांत घालायला त्यांनी कापूस दिला. वऱ्हाडच्या माणसाला कलकत्तेवाले कापूस देतात! मी तो बोटांत फिरवून पाहिला, धागा आखूड होता. चघळायला गोळ्याही दिल्या. बाईनं कापूस घेतला, गोळी परत केली.

आत थंडी वाजू लागली. वैशाखाच्या दुपारी खाली माणसं भाजत असतील आणि आम्ही घोंगडीत गुरफटून बसलेलो. जंगलं आली, एकसलग, मध्ये एक रस्ता दोरीसारखा. त्यावरून आमच्या विमानाची सावली चालली होती, झाडांवरून, टेकड्यांवरून, कुठंही न अडखळता. मेडशीचा घाट चढताना आपल्या मोटारीला दोनदा पाणी पाजावं लागतं. इथं डोंगरामागून डोंगर येत होते आणि ती सावली त्यांच्यावरून पोतेरं फिरवावं तशी जात होती. मग महानदी आली. सगळी वाळू, आणि वाळूत पाण्याच्या तीन-चार निळ्या शिरा.

"बाई, पाह्य, महानदी!"

तिनं पाहिलं. हात जोडले. ओठ हलले पण आवाज आला नाही. तेव्हा माझं तिच्या ओठांकडं लक्ष गेलं. ते पांढरे पडले होते आणि मधोमध चीर गेली होती.

मी हिशेब करू लागलो. विमानातून मधूनमधून एक चिठ्ठी हातोहात फिरे. तीत उंची, वेग आणि नागपूर किती मैल राहिलं ते लिहिलेलं असे. सहाच्या सुमारास आलेल्या चिठ्ठीत दीडशे मैल होते. वेग तासाला दीडशे. म्हणजे सात वाजणार. निघताना मी पंचांगातून नागपूरचा सूर्यास्त उतरवून घेतला होता, साडेसहाच्या पुढं पाच मिनिटं. पंचवीस मिनिटं कमी पडत होती. मी चिठ्ठी पुढं दिली आणि स्वस्थ बसलो. डॉक्टरांचा चष्मा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. कोरडा एक दिवस कालच झाला होता. आजचा दुसरा.

"बाई, इथंच घे पानी. मी पाया पडतो तुया."

"चालत्या गाडीत?"

"देव पाह्यते ना सगळं."

"म्हनूनच त," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

साडेसहा झाले. सहा पस्तीस झाले. मी बाहेर पाहायचं टाळत होतो, तरी पाहिलं. आणि सूर्य तिथंच होता! मावळायची वेळ टळून गेली होती आणि तो क्षितिजाच्या चांगला हातभर वर, पितळेच्या परातीसारखा, लुकलुकतसुद्धा नव्हता. मी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. पुन्हा बाहेर पाहिलं. अंगावर काटा आला. मी धार्मिक माणूस नाही, पण त्या घडीला मला खात्री वाटली की माझ्या आईसाठी सूर्य थांबला आहे.

तेवढ्यात वैमानिक स्वतः उतारूंना भेटायला मागं आला. उंच, दाढीवाला सरदारजी. मी उठून त्याचा हातच धरला आणि सूर्याकडं बोट दाखवलं. त्यानं माझं घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं हसला. कलकत्त्याचं घड्याळ आपल्या रेल्वेच्या घड्याळाच्या चोवीस मिनिटं पुढं असतं, त्यानं सांगितलं. तुम्ही कलकत्त्याचं घड्याळ घेऊन नागपूरच्या सूर्याची वाट पाहताय. आत्ता सहा वाजून अकरा मिनिटंच झालीत. शिवाय आपण सूर्याच्या मागोमाग चाललोय, आणि उंचावरून तो जरा जास्त वेळ दिसतो.

माझी खात्री पार उडाली, पण आनंद नाही उडाला. मी त्याला बाईचं सगळं सांगितलं. तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. "माँजी, मैं पहुँचा दूँगा," म्हणाला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला की काठावरचं काम आहे. उतरल्याबरोबर पहिलं दार तुमच्यासाठी उघडतो, पंखाखालीच बसवा त्यांना.

पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. इंजिनाचा आवाज वाढला. भंडाऱ्याकडची तळी एकामागून एक लाल होत गेली, जणू कोणी पुढं धावत जाऊन ती पेटवीत होतं. बाईनं माझी बाही ओढली आणि दुसऱ्या बाजूच्या काचेकडं दाखवलं. तिकडं पौर्णिमेचा चंद्र वर आला होता, फिकट, मोठा. एका काचेत सूर्य, एका काचेत चंद्र, आणि मध्ये आम्ही वीस माणसं, पायांखाली काही नाही.  गोऱ्या साहेबानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

नागपूर

विमान खाली वाकलं. मी चटई काखेत आणि तांब्या हातात घेऊन तयार होतो. सूर्याची खालची कड टेकली होती. अर्धा राहिला. जमीन वर येत होती, बाभळी दिसू लागल्या, कौलं दिसू लागली, चुलींचा धूर दिसू लागला. आम्ही जितके खाली तितका तो भराभर खाली. शेवटची कोर राहिली, मी श्वास धरला, चाकं टेकायला हातभर जागा राहिली असेल.

कोर बुडाली.

आणि त्याच क्षणी इंजिनं गर्जली, विमानानं नाक वर केलं आणि आम्ही सगळे पाठीवर आपटलो. कोणीतरी किंचाळलं. काचेतून खाली पाहिलं तर धावपट्टीवर गुरं! चरून घरी निघालेला कळप, गाई, वासरं, धुळीचा लोट आणि मागं काठी उगारून पळणारा गुराखी. विमान वर चढत राहिलं, वळलं, पंख कलला.

आणि मावळतीकडून सूर्य उगवला.

मी हे लिहितो आहे ते शब्दशः घ्यावं. काळ्या जमिनीच्या कडेवर आधी एक लाल रेघ आली, मग नखाएवढी कोर, मग ती रुंद झाली. पश्चिमेला. सगळे उतारू माझ्या बाजूच्या काचांना चिकटले. वैमानिकानं आधी सांगून ठेवलं नसतं तर मी तिथंच लोटांगण घातलं असतं, आणि सांगितलेलं असूनही माझे हात आपोआप जोडले गेले.

मग मला तांब्याची आठवण झाली. मी फिरकी उघडून तो बाईच्या हातात दिला.

"पी बाई! दिवस हाये! पाह्य, सूर्य हाये! चालत्या गाडीचं जाऊ दे, आजच्या दिवस जाऊ दे!"

तिनं तांब्या घेतला, पण ती सूर्याकडंच पाहत होती. तिचं सगळं तोंड लाल दिसत होतं.

"नेमा, हा थोच का? आत्ता बुडाला थो?"

"थोच. आपन वर आलो म्हनून दिसला."

"म्हंजे बुडाला नव्हताच."

"खालच्यायसाठी बुडाला. पी तू."

ती प्याली नाही. तांब्याच्या कडेवर तिची बोटं घट्ट झाली.

"तुया बाबानं दिवे लागल्यावर पानी मांगलं होतं," ती म्हणाली.

मला आधी कळेना की ती काय बोलते आहे. वडील तापानं गेले तेव्हा मी सरकीच्या कामानं हिंगोलीला होतो. परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. कसे गेले, असं मी विचारलं तेव्हा शांतपणानं गेले, एवढंच तिनं सांगितलं होतं. त्याला अठरा वर्षं झाली.

"शुद्धीवर होते तवा माया हात धरून बोलले होते, रातच्याले म्या मांगलं तरी देजो नको. मायं व्रत मोडजो नको. मंग ताप चढला. तीनदा मांगलं, नेमा. वठ फुटले होते. म्या नाई देल्लं. उजाडाच्या आंधी गेले."

विमान वळत होतं. कोर हळूहळू काचेतून सरकत होती. बाईनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"घराच्या धाब्यावर चढून पाह्यलं असतं त दिसला असता का रे थो?"

दिवसभर मी तिला पाणी पाजायला धडपडत होतो. पाया पडलो होतो, रागावलो होतो, मनातून तिच्या व्रताला शिव्यासुद्धा घातल्या होत्या. त्या घडीला मला दिसलं की आता ती प्याली, तर ते पाणी तिच्या घशाखाली कधीच उतरणार नाही. अठरा वर्षं ती ज्या आधारावर उभी होती तो मी एका घोटासाठी काढून घेत होतो.

"नाई बाई," मी म्हणालो. "धाब्यावरून नसता दिसला. दिवे लागले होते म्हंजे दिवस मावळला होता. तू खाली होती."

"खरं?"

"खरं."

तिच्या हातातून मी तांब्या घेतला आणि त्याची फिरकी माझ्या हातानं घट्ट लावली. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी विसरलो नव्हतो.  बाईनं सीटवर डोकं टेकलं. त्या दिवशी सूर्य दुसऱ्यांदा मावळला, तो आम्ही दोघांनी पाहिला.

सरदारजीनं दार उघडलं तेव्हा तो ओशाळला होता. बाईनं त्याच्या दाढीवरून हात फिरवला. चालवेना तिला, मी आणि त्यानं मिळून तिला टांग्यापर्यंत नेलं. मावसभावाच्या घरी तिला ओसरीवर निजवलं, ओलं फडकं कपाळावर ठेवलं, पाय चेपले. नाडी बारीक लागत होती. उजाडेपर्यंत मी तिच्या उशाशी बसून राहिलो आणि त्या रात्री मीही पाणी घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही.

सकाळी सूर्य पूर्वेलाच उगवला. दोन घटका जाऊ दिल्या, कारण त्याआधी ती घेत नाही. तोवर मी परसातल्या विहिरीचं पाणी शेंदलं, गाळलं, फडक्यावरचं परत विहिरीत सोडलं. मावसभावानं तिला हाताला धरून आणलं. ती चटईवर बसली, मांडी घालायला तिला वेळ लागला. नवकार म्हटला. मग दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि न थांबता, डोळे मिटून, सगळा प्याली. गळ्याची शीर वरखाली होताना दिसत होती. थोडं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं.

तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि रिकाम्या तांब्यात पाहत म्हणाली, "एवढंच मांगत होते रे."